मार्सेय: आधी बंदर, मग शहर

धागाकर्ता: दीपस्तंभ

बार्सेलोना आणि नेपल्सवर बरंच लिहून झालंय. मार्सेय मात्र राहून गेलं. आपल्याकडे या शहराचा उल्लेख सावरकरांच्या उडीपुरता येतो, नाहीतर "तिकडे पाकीट सांभाळा" एवढ्यापुरता. सुमारे पावणेनऊ लाख वस्तीचं, लोकसंख्येने फ्रान्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर एवढ्यात संपत नाही. माझं म्हणणं असं की, इथली प्रत्येक गोष्ट बंदरापासून समजून घ्यावी लागते: घरं, साबण, खाणं, साथी, वस्ती, सगळं. पॅरिसचा नमुना डोक्यात ठेवून गेलात तर हाती काही लागणार नाही.

सुरुवात जागेपासून. इ.स.पू. ६०० च्या सुमारास फोकाया (आजच्या तुर्कस्तानातलं फोचा) इथल्या ग्रीक दर्यावर्दींनी इथे वसाहत केली. ऱ्होन नदीचं मुख इथून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर आहे. व्यापाराची वाट त्या नदीतून वर जाते, मग वसाहत मुखावरच का केली नाही? कारण गाळ. किनाऱ्यालगतचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, म्हणून ऱ्होनचा गाळ पश्चिमेला जातो. त्या बाजूचं एग-मॉर्त हे तेराव्या शतकात क्रुसेडसाठी वापरलेलं बंदर गाळाने भरून निकामी झालं. मार्सेयची खाडी खडकाळ, आत वळलेली आणि गाळाच्या वाटेबाहेर आहे, म्हणून सव्वीस शतकं टिकली. १९६७ मध्ये एका व्यापारी संकुलाचा पाया खणताना प्राचीन बंदराचा धक्का आणि तटबंदी सापडली. ती जागा आज उघडी ठेवली आहे आणि शेजारीच शहराचं इतिहास संग्रहालय आहे. जुन्या बंदरापासून चालत पाच मिनिटं. पहिला तास तिथे घालवा, नंतरचं सगळं सोपं होतं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, म्हणून इंदिरा गोदीला दरवाजे लावून आतलं पाणी अडवावं लागतं. मार्सेयला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम ३०–४० सेंटिमीटर असतो. त्यामुळे धक्का पाण्यापासून हातभर उंचीवर, मासळीची होडी थेट रस्त्याला लागते आणि विक्री तिथेच होते. फ्रान्समधल्या जमिनीची उंची ज्या शून्यापासून मोजतात ते शून्यसुद्धा इथल्याच किनारी रस्त्यावरच्या भरतीमापकाने ठरवलं. १८८५ ते १८९७ मधल्या नोंदींची ती सरासरी आहे. तेव्हापासून समुद्राची पातळी पंधरा सेंटिमीटरांहून जास्त वाढली आहे, हेही त्याच यंत्रातून कळतं.

जुनं बंदर आगबोटींना अपुरं पडू लागलं तेव्हा उत्तरेला जोलिएतची गोदी बांधली (१८५३). १८६९ मध्ये सुएझ उघडला आणि मार्सेय पूर्वेचं दार झालं. १९६० च्या दशकापासून तेल आणि पुढे कंटेनर पश्चिमेला फॉस इथल्या नव्या बंदराला गेले. आता शहरात उरल्या आहेत त्या कॉर्सिका, अल्जीरिया, ट्युनिशियाच्या फेरीबोटी आणि क्रूझ. कामं गेली, गोदीकामगारांच्या उत्तरेकडच्या वस्त्या तिथेच राहिल्या. उत्तर आणि दक्षिण मार्सेयमधली आजची दरी तिथून सुरू होते.

ज्यांना जे नेमकं माहीत आहे त्यांनी भर घालावी.


रानवारा

उत्तम सुरुवात. मी वाऱ्याबद्दल लिहितो, कारण इथले बेत हवामानापेक्षा वाऱ्यावर ठरतात.

मिस्त्राल हा वायव्येकडून येणारा कोरडा, थंड वारा. बिस्केच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि जिनोव्हाच्या आखातावर कमी असला की उत्तरेची थंड हवा आल्प्स आणि मासिफ सॉंत्राल या डोंगरांच्या मधून, ऱ्होनच्या अरुंद खोऱ्यातून खाली ओढली जाते. वाट अरुंद, त्यामुळे वेग वाढतो. ताशी १०० किलोमीटरपर्यंतचे झोत येतात. आकाश मात्र लख्ख निळं असतं आणि नवखा माणूस इथेच फसतो. खिडकीतून ऊन बघून तो बोटीच्या धक्क्यावर जातो आणि फेऱ्या बंद असतात.

याचा व्यवहारातला अर्थ:

शातो दिफ या किल्ल्याच्या बेटावरचा धक्का उघड्यावर आहे. वारा वाढला की पहिल्यांदा तिथे उतरणं बंद होतं, शेजारच्या फ्रियूल बेटांची फेरी कधीकधी चालू राहते. म्हणून सकाळी तिकीट काढण्याआधी फलक वाचा. बेटावर जायचं तर ते पहिल्याच शांत दिवशी उरकून घ्या, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

दुसरं, समुद्राचं तापमान. जुलैत पाणी २४ अंशांच्या आसपास असतं. मिस्त्राल सुटला की वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून आत ढकललं जातं आणि त्याच्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. एक-दोन दिवसांत तापमान १५–१६ अंशांवर उतरतं. भर उन्हाळ्यात, स्वच्छ उन्हात, बर्फासारखं पाणी. अशा वेळी थेट उडी मारणं धोक्याचं आहे. श्वास अडकतो. हळूहळू उतरा आणि लहान मुलांना फार वेळ पाण्यात ठेवू नका.

तिसरं, वणवे. कोरडा वारा, चुनखडीचा डोंगर आणि पाइनची राळ. ८ जुलै २०२५ ला ले पेन-मिराबो इथे महामार्गावर एका गाडीला आग लागली, ती वाऱ्याने पसरत शहराच्या उत्तर टोकापर्यंत आली आणि त्या दिवशी विमानतळ बंद ठेवावा लागला. याच भीतीपोटी १ जून ते ३० सप्टेंबर या काळात डोंगरवाटा रोजच्या धोक्याच्या पातळीनुसार उघड्या किंवा बंद असतात. पातळी रंगाने दाखवतात आणि उद्याचा रंग आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. लाल असेल तर प्रवेश बंद. पायवाटेवर गस्त असते आणि दंड होतो.


तांबडी_माती

कालांकांबद्दल सविस्तर लिहाल का? फोटो पाहून लोक निघतात, पण नेमकं कुठून जायचं, किती चढ आहे, हे कुठेच सरळ सापडत नाही.


रानवारा

@तांबडी_माती, लिहितो.

कालांक म्हणजे चुनखडीच्या कड्यांमध्ये घुसलेली अरुंद खाडी. मार्सेयच्या दक्षिण टोकापासून कासीपर्यंत अशा खाड्यांची माळ आहे. २०१२ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी स्युजितों करावी. कास्तेलान मेट्रोपासून ल्युमिनी विद्यापीठाकडे जाणारी बस धरायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरायचं. तिथून खाली पाण्यापर्यंत पाऊण ते एक तास. सुरुवातीचा रस्ता रुंद आहे, शेवटचा टप्पा मोठ्या दगडांचा आणि गुळगुळीत झालेला. चुनखडी लाखो पावलांनी घासून घासून चकचकीत होते आणि कोरडी असतानाही पाय सरकतो. चपला, सॅंडल नकोत, पकड असलेले बूट हवेत. येताना सगळा चढ उन्हात असतो. तो वेळेत धरत नाहीत म्हणून लोकांचे हाल होतात.

उन्हाळ्यात स्युजितोंला आरक्षण लागतं. २०२२ पासून रोज ४०० माणसांची मर्यादा आहे, कारण पावलांनी माती धुपून झाडांची मुळं उघडी पडली होती. आरक्षण फुकट, ऑनलाइन, तारखेच्या जेमतेम तीन दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं. फोनवर आलेला चौकटीचा कोड आणि ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवा. ज्या दिवसांना आरक्षण लागतं त्यांची यादी उद्यानाच्या संकेतस्थळावर दर वर्षी बदलते. आरक्षण असलं तरी लाल रंगाच्या दिवशी ते रद्द.

पाणी. वाटेत नळ नाही, झरा नाही, टपरी नाही. चुनखडीत पाऊस मुरून खाली निघून जातो, वर काही उरत नाही. उन्हाळ्यात माणशी किमान दोन लिटर लागतं, आणि ते ल्युमिनीच्या आधीच भरून घ्यायचं.

ज्यांना चढ-उतार नको त्यांनी माद्राग द मोंरदोंपर्यंत बसने जाऊन, तिथून दुसऱ्या बसने कालेलाँगला जावं. रस्ता तिथे संपतो. लहानसं बंदर आहे, समोर बेटं, आणि दहा मिनिटं चाललं तरी कालांकांचा पोत कळतो. जुन्या बंदरातून बोटीनेही खाड्या दाखवतात. मात्र बहुतेक सफरींत खाली उतरवत नाहीत, फक्त आत शिरून वळवतात. तिकीट काढताना विचारून घ्या.

याच कड्यांखाली कोस्केर गुहा आहे. तोंड समुद्रसपाटीखाली ३७ मीटरवर, आणि तिथून वर चढणारा लांब बोगदा. पाणबुडे आंरी कोस्केर यांना ती १९८५ मध्ये सापडली, जाहीर झाली १९९१ मध्ये. आतली चित्रं साधारण २७,००० आणि १९,००० वर्षांपूर्वीची आहेत: घोडे, रानगवे, सील आणि हातांचे ठसे. चित्रं काढली तेव्हा हिमयुग होतं, समुद्र शंभर मीटरांहून जास्त खाली होता आणि किनारा काही किलोमीटर दूर. खरी गुहा बंदच आहे आणि वाढत्या पाण्याने चित्रं धुतली जात आहेत. २०२२ मध्ये बंदराच्या तोंडाशी तिची प्रतिकृती उघडली. छोट्या वाहनात बसून फिरता येतं, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं.


इतिहासवेडी

सावरकरांच्या उडीबद्दल दोन दुरुस्त्या, कारण त्याच त्या चुका फिरत राहतात.

एक. लोक जुन्या बंदराचे फोटो काढून "इथेच उडी" असं लिहितात. सावरकरांना नेणारी मोरिया ही पी अँड ओ कंपनीची दहा हजार टनांच्या वरची आगबोट होती. एवढी बोट १९१० मध्ये जुन्या बंदरात येत नव्हती, मोठ्या आगबोटी जोलिएतच्या बाजूच्या नव्या गोद्यांत लागत. शोधायचंच असेल तर त्या बाजूला पाहा.

दोन. या प्रकरणी नेमलेल्या हेगच्या लवादाच्या निकालपत्रात घटनाक्रम अगदी थोडक्यात आहे. ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकर बोटीतून निसटले, पोहत किनाऱ्याला लागले आणि धावू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या अंमलदाराने त्यांना पकडलं, बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला मदत केली आणि त्यांना परत बोटीवर नेलं. दुसऱ्या दिवशी बोट निघाली. बोट धक्क्यालगत होती, मैलोन्मैल खुला समुद्र पोहल्याचं वर्णन त्यात कुठेच नाही. त्या उडीचं धाडस यामुळे तसूभरही कमी होत नाही. पहाऱ्यातून निसटायचं, परक्या देशाच्या मातीवर पाय ठेवायचा आणि तिथला कायदा आपल्या बाजूने उभा करायचा, हा विचार त्यामागे होता आणि तो जागतिक न्यायालयीन प्रश्न झाला. फ्रान्सच्या भूमीवर झालेली अटक ब्रिटिशांच्या हाती सोपवणं योग्य की नाही यावर हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला निर्णय दिला: अटकेत अनियमितता झाली, पण म्हणून ब्रिटनवर त्यांना परत करण्याचं बंधन नाही. फ्रान्समध्ये या प्रकरणी आवाज उठवणाऱ्यांत ज्यां लोंगे होते, ते कार्ल मार्क्स यांचे नातू. ज्यां जोरेस यांना काही ठिकाणी "मार्सेयचे महापौर" म्हटलेलं सापडतं, ते चूक आहे. ते समाजवादी खासदार आणि 'ल्युमानिते' या दैनिकाचे संस्थापक होते.

मोरिया मार्सेयला का थांबली? कारण मुंबई–लंडन वाटेवरचं ते ठरलेलं बंदर होतं. मुंबईहून निघालेले प्रवासी मार्सेयला उतरून आगगाडीने कॅले गाठत आणि खाडी ओलांडून लंडनला जात. जिब्राल्टरचा वळसा आणि बिस्केचा खवळलेला उपसागर दोन्ही टळत, जवळपास आठवडा वाचे. विलायतेला शिकायला गेलेल्या कितीतरी मराठी विद्यार्थ्यांनी युरोपच्या जमिनीवर पहिलं पाऊल इथेच ठेवलं. गोलमेज परिषदेला जाताना गांधीजीही ११ सप्टेंबर १९३१ ला राजपुताना बोटीने इथेच उतरले.

याच्या कितीतरी आधी गोव्याहून एक गेंडा इथे येऊन गेला! गुजरातच्या सुलतानाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला दिलेला हा प्राणी जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. पुढे पोर्तुगालच्या राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला. वाटेत १५१६ च्या सुरुवातीला बोट मार्सेयसमोरच्या बेटाशी थांबली आणि फ्रान्सचा राजा फ्रांस्वा पहिला याने गेंडा पाहिला. नंतर इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट फुटली आणि साखळीने बांधलेला तो प्राणी बुडाला. त्या बेटावरचा किल्ला, म्हणजेच शातो दिफ, नंतरचा आहे, १५२० च्या दशकातला.

आणखी एक ठिकाण आपल्याकडच्या प्रवाशांच्या यादीत असायला हवं: माझार्गची युद्धस्मशानभूमी. पहिल्या महायुद्धात हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरली ती मार्सेयला, सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस. त्या लाहोर डिव्हिजनमध्ये खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. पुढच्याच महिन्यात न्यव्ह शापेलच्या लढाईत त्यांना पायदळासारखं पुढे जावं लागलं आणि त्यांची जबर हानी झाली. माझार्गला हिंदी सैनिकांची कबर-शिळा आणि दहन झालेल्यांची नावं असं दोन्ही आहे. स्मारकाचं अनावरण १९२५ मध्ये झालं. रों-पाँ द्यु प्रादो मेट्रोपासून माझार्गकडे बस जाते. प्रवेश फुकट.


केबलवाला

इतिहासवेडीताईंच्या मुंबई–मार्सेय वाटेला एक पुरवणी. ती वाट आजही चालू आहे, समुद्रतळावरून.

मुंबईत किनाऱ्याला लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलींपैकी सी-मी-वी ४ (२००५) आणि आयएमईडब्ल्यूई (२०१०) या दोन्हींचं युरोपकडचं टोक मार्सेयला आहे. कारण तेच जुनं. सुएझमधून बाहेर पडलेल्या वाटेला पश्चिम युरोपातलं सोयीचं मोठं बंदर हेच, आणि पुढे ऱ्होनच्या खोऱ्यातून लियोंमार्गे पॅरिस, फ्रॅंकफर्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात याच दोन केबली तुटल्या तेव्हा भारतात युरोपकडचं इंटरनेट मंदावलं. दुसऱ्या वाटेने फिरवलेला डेटा चालतो, पण वळसा लांब पडतो आणि विलंब वाढतो.

बंदराच्या हद्दीत दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुड्यांसाठी बांधायला घेतलेला काँक्रीटचा तळ आहे. तो अर्धवट राहिला. पाडणं परवडेना इतकं जाड काँक्रीट. आता तिथे डेटा सेंटर आहे. यंत्रं थंड ठेवायला गारदानच्या जुन्या कोळसा खाणीतून पाणी काढण्यासाठी खोदलेल्या, सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातलं थंड पाणी वापरतात.


दीपस्तंभ

प्लेगबद्दल कुणीतरी लिहा. मार्सेयच्या बंदराची ती सगळ्यात मोठी चूक.


इतिहासवेडी

ग्रां-सँतांत्वान हे जहाज लेव्हांटहून, म्हणजे पूर्व भूमध्य किनाऱ्याहून (सिडॉन, त्रिपोली, सायप्रस) कापड घेऊन २५ मे १७२० ला मार्सेयला आलं. वाटेतच त्यावर माणसं दगावली होती. नियम चांगले होते, यंत्रणा जुनी आणि अनुभवी होती. संशयित जहाजाने झार बेटाशी थांबायचं, माल वाऱ्यावर टाकायचा आणि मुदत संपल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. पण माल बोकेरच्या जुलैमधल्या जत्रेत विकायचा होता आणि मालात शहराच्या कारभाऱ्यांपैकी एकाचा, एस्तेल यांचा, हिस्सा होता. मौल्यवान कापड बेटाऐवजी शहराच्या कडेच्या विलगीकरण केंद्रात उतरवलं गेलं आणि तिथून काही चोरून आत आलं. कापडाबरोबर पिसवा आल्या. जून अखेरीस शहरात पहिले मृत्यू झाले. साधारण नव्वद हजार वस्तीपैकी चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. सप्टेंबरमध्ये जहाज झार बेटाशी जाळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

नियम असूनही हितसंबंधांनी तो वाकवला की काय होतं, याचं इतकं स्वच्छ नोंदलेलं उदाहरण विरळा. मार्सेयमध्ये हे कुणी लपवत नाही, संग्रहालयात सगळं मांडलंय.


मीठभाकर

खाण्याचं राहिलं. बुयाबेस या इथल्या मासळीच्या रश्श्याबद्दल नेमकं लिहिते, कारण पर्यटकांची फसवणूक इथेच होते.

१९८० मध्ये इथल्या काही हॉटेलवाल्यांनी एक सनद केली: ठरलेल्या यादीतल्या माशांपैकी किमान चार जाती हव्यात. रास्कास (काटेरी, लाल, खडकातला), पांढरी रास्कास, गाल्लिनेत, सँ-पिएर, बोद्रुआ, कोंग्र (वामेसारखा) वगैरे. रस्सा आणि मासे दोन वेगळ्या फेऱ्यांत वाढायचे आणि मासे गिऱ्हाइकासमोर साफ करायचे. खरी बुयाबेस माणशी साठ युरोंच्या खाली बहुधा मिळत नाही आणि बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावी लागते. वीस युरोंची पाटी दिसली तर तो मासळीचा साधा रस्सा समजा. तोही वाईट नसतो, फक्त नाव चुकीचं असतं.

कृतीतलं मर्म असं. आधी छोट्या खडकमाशांचा रस्सा: ऑलिव्ह तेलात कांदा, लीक, लसूण, टोमॅटो, बडीशेपेचा कांदा आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा परतायचा, मासे घालून अर्धा-पाऊण तास उकळायचं आणि काट्यांसकट दळून गाळायचं. मग केशर आणि सेंटिमीटरभर जाडीच्या बटाट्याच्या चकत्या. मोठे मासे माणशी ४००–५०० ग्रॅम, काट्यांसकट. घट्ट मांसाचे आधी, साधारण पंधरा मिनिटं. सँ-पिएरसारखे नाजूक शेवटच्या सहा-सात मिनिटांत. आच मोठी हवी, खळखळून उकळी हवी, कारण त्या उसळीनेच तेल आणि माशातला चिकट अर्क एकजीव होतो. मंद आचेवर ठेवलं की तेल वर तरंगतं आणि रस्सा पातळ राहतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कल्ले न काढता मासे टाकणं. रस्सा कडवट होतो. सोबत लसूण घासलेला कडक पाव आणि रुई: लसूण, केशर, लाल मिरची, अंड्याचा बलक, ऑलिव्ह तेल.

शाकाहाऱ्यांसाठी पानिस. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचं, एस्ताक भागातलं. प्रमाण २५० ग्रॅम पीठ, एक लिटर पाणी, दोन चमचे ऑलिव्ह तेल, मीठ. अर्धं पाणी थंड घेऊन त्यात पीठ गुठळ्या न होता कालवायचं, उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं सतत घोटायचं. पिठल्याहून पुष्कळ घट्ट व्हायला हवं. साच्यात ओतून पूर्ण गार करायचं, चकत्या कापायच्या, तळायच्या. तळताना फुटल्या तर घोटणं कमी पडलं किंवा आत ओल राहिली असं समजावं.

सावधगिरी: तापनाद नावाच्या काळ्या ऑलिव्हच्या चटणीत बहुतेकदा अँचोव्ही मासा असतो. इथली अर्धी-अर्धी पिझ्झा अर्धी चीजची आणि अर्धी अँचोव्हीची असते. भाज्यांच्या कुसकुसचा रस्सा बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेला असतो. "वेजेतारियां" एवढं सांगून भागत नाही, "मासा नको, मांसाचं पाणी नको" असं वेगळं सांगा.


तांबडी_माती

+१ मीठभाकर. साबणाबद्दलही लिहा ना. बाजारात शेकडो रंगांचे 'मार्सेय साबण' दिसतात.


मीठभाकर

रंगीत आणि लव्हेंडरचा वास असलेला असेल तर तो पारंपरिक नव्हे. १६८८ च्या राजाज्ञेने साबणासाठी फक्त ऑलिव्ह तेल असं बंधन घातलं होतं. पुढे बंदरात खोबरं, पाम, शेंगदाणा ही तेलं येऊ लागली आणि फिकट साबण निघाला. म्हणून दोन पारंपरिक रंग: हिरवट ऑलिव्हचा, पांढुरका खोबरं-पामचा.

मोठ्या कढईत तेल आणि कॉस्टिक सोडा शिजवतात. मग मिठाचं पाणी घालतात, त्याने साबण वर येतो आणि ग्लिसरीन व उरलेला सोडा खाली जातो. पुन्हा शिजवतात, पुन्हा धुतात. हे आठ-दहा दिवस चालतं. धुणं कमी झालं तर सोडा राहतो आणि साबण हात फोडतो. शेवटी ओतून, वाळवून, कापून सहाही बाजूंना ठसे मारतात. "७२%" हा ठसा स्निग्धांशाचा.

विकत घेताना मागचा मजकूर वाचा. सोडियम ऑलिव्हेट किंवा कोकोएट/पामेट, पाणी, मीठ, सोडियम हायड्रॉक्साइड, बस. यादीत 'परफम', रंग किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असेल तर तो तयार साबणाच्या दाण्यांपासून दाबून केलेला आहे.


गलबत

दोन इमारतींबद्दल लिहायचं होतं, दोन्हींचा संबंध वर आलेल्या गोष्टींशी आहे.

पहिली वास्तुविशारद ल कोर्ब्युझिएची सिते राद्यूज ही निवासी इमारत. १९४७ ते १९५२, ३३७ घरं, १३७ मीटर लांब, ५६ मीटर उंच. उत्तरेची भिंत पूर्ण बंद आहे, मिस्त्रालमुळे. घरं दुमजली आणि एकमेकांत अडकवलेली, त्यामुळे दर तीन मजल्यांना एकच आतला रस्ता पुरतो आणि बहुतेक घरांना पूर्व-पश्चिम दोन्हीकडून उजेड मिळतो. किंमत अशी की खोल्या ३.६६ मीटर रुंद आणि छत काही ठिकाणी फक्त २.२६ मीटरवर. २०१६ मध्ये चंडीगढच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर एकाच यादीत जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. आतून पाहायला पर्यटन कार्यालयाची मार्गदर्शित फेरी आधी नोंदवा.

दुसरं, जुन्या शहरातली 'तीन खिडक्यांची' घरं. दर्शनी रुंदी साधारण सात मीटर, कारण लाकडी तुळई तेवढीच मिळे. तुळयांची टोकं दोन्ही बाजूंच्या सामाईक भिंतींत रुतवलेली. पावसाळी नळ फुटला किंवा शेजारचं घर रिकामं पडून गळत राहिलं की टोकं कुजतात आणि एका घराचं दुखणं शेजाऱ्याला लागतं. ५ नोव्हेंबर २०१८ ला नोआय भागातल्या र्‍यू दोबाञ या रस्त्यावर ६३ क्रमांकाचं रिकामं आणि ६५ क्रमांकाचं राहतं घर कोसळलं. आठ माणसं गेली. नंतर शहरभर हजारो लोकांना धोकादायक घरांतून बाहेर काढावं लागलं. गिरगाव-काळबादेवीच्या उपकरप्राप्त इमारती ज्यांना माहीत आहेत त्यांना दुखणं ओळखीचं वाटेल. नोआयचा बाजार जरूर पाहा, भाज्या आणि मसाले तिथेच स्वस्त. पण वर मान करून भिंतींवरचे टेकू आणि भेगाही पाहा. ते दोन्ही मिळून मार्सेय आहे.


तांबडी_माती

खूप उपयोगी धागा. शेवटचा प्रश्न: एप्रिलमध्ये तीन दिवस, सोबत सत्तरीचे आईवडील, शाकाहारी. काय ठेवावं, काय सोडावं?


दीपस्तंभ

एप्रिल चांगला. वणव्याचे निर्बंध लागू नसतात, गर्दी कमी, पण मिस्त्राल हमखास. जाड वारारोधक जाकीट हवंच. छत्री निरुपयोगी.

राहायला जुनं बंदर किंवा कास्तेलानच्या आसपास, मेट्रोच्या जवळ. सँ शार्ल स्थानकाचा दर्शनी जिना १०४ पायऱ्यांचा आहे. सामान असेल तर त्याने उतरू नका, स्थानकाखालूनच मेट्रो आहे. विमानतळाची बस थेट सँ शार्लला आणते, अर्ध्या तासाच्या आसपास.

वारा नसेल तो दिवस पाण्याचा: सकाळी फ्रियूलची बोट, दुपारी ८३ क्रमांकाच्या बसने किनारी रस्ता प्रादोपर्यंत. शातो दिफला पायऱ्या आणि खडबडीत फरशी आहे, आईवडिलांना झेपत नसेल तर बोटीतून पाहिलं तरी चालेल.

वारा असेल तो दिवस भिंतींच्या आडचा: इतिहास संग्रहालय, कोस्केरची प्रतिकृती, शेजारचं म्युसेम हे भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय (मंगळवारी बंद). म्युसेमपासून सँ-ज्यां किल्ल्याकडे जाणारा पादचारी पूल ११५ मीटर लांब आणि पूर्ण उघडा आहे, जोराच्या वाऱ्यात बंद ठेवतात. तेव्हा खालच्या रस्त्याने जा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ६० क्रमांकाच्या बसने नोत्र-दाम द ला गार्द हे टेकडीवरचं चर्च. चढ पायी करू नका, बस वरपर्यंत जाते, त्यानंतरही पायऱ्या आहेत. आत खलाशांनी नवस फेडायला टांगलेल्या जहाजांच्या प्रतिकृती आहेत, त्यांना वेळ द्या. दुपारी लोंशां महाल. १८३४–३५ च्या कॉलऱ्यानंतर द्यूरांस नदीचं पाणी सुमारे ८० किलोमीटरच्या कालव्याने शहरात आणलं, ते १८४९ मध्ये पोहोचलं, आणि त्या पाण्याचा सत्कार म्हणून हे कारंजं बांधलं. शहरातल्या नळाचं पाणी आजही प्यायला चांगलं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पाऊस जोराचा पडला तर पुढचे दोन-तीन दिवस प्रादोच्या चौपाटीवर पाण्यात जाऊ नका. एरवी युव्होन नदीचं पाणी मलनिस्सारण केंद्राकडे वळवलेलं असतं, जोराच्या पावसात ते थेट समुद्रात सोडावं लागतं. जांभळा झेंडा म्हणजे प्रदूषण.

पाकीटमारी मेट्रोत आणि सँ शार्लच्या फलाटांवर होते, कुठल्याही मोठ्या शहरासारखी. पासपोर्ट हरवला तर आता पॅरिसला धावावं लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयला भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला आहे. आधी पोलिसांत तक्रारीची पावती घ्या, मग तिकडे जा. पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची प्रत फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे असू द्या.